‘अजून अंगावर पाजतेस?’ : दोन वर्षांच्या दुधाचा दख्खनी इतिहास

१/ पारनेर तालुक्याचा इतिहास सांगायला बसले की काही नावे आपोआप ओठांवर येतात : सेनापती बापटांचे जन्मगाव, टाकळी ढोकेश्वरचे लेणे, निघोजचे रांजणखळगे आणि मळगंगा, राळेगणसिद्धीचे पाणलोटाचे काम. या यादीत एक गोष्ट कधीच नसते. या कोरडवाहू मुलखात पिढ्यान्‌पिढ्या लेकरे दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, आईच्या अंगावर पिऊन तगली. त्या दुधाला शिलालेख नाही, सनद नाही, बखर नाही. हा धागा त्या दुधाविषयी आहे.

२/ निमित्त एका प्रश्नाचे. मूल वर्षाचे झाले, पावले टाकू लागले आणि तरीही अंगावर पीत असेल, तर आईला हमखास विचारले जाते, “अजून पाजतेस?” विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला हा मागासपणा वाटतो, दुसऱ्याला परदेशी पुस्तकांतून आलेले खूळ. दोघांचाही इतिहास कच्चा आहे. दोन वर्षे हे या भूमीचे जुने आणि परिचित माप आहे. मात्र त्यापुढचे विधान अधिक महत्त्वाचे : हे माप एकट्या आईच्या जिवावर कधीच टिकले नाही. ज्या ज्या वेळी ते एकटीवर टाकले गेले, त्या त्या वेळी आई खचली आणि मूलही.

३/ आरंभ ग्रंथांपासून. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बालवयाचे तीन टप्पे सांगितले आहेत. एक वर्षापर्यंतचे मूल ‘क्षीरप’, म्हणजे दूध पिणारे. दोन वर्षांपर्यंतचे ‘क्षीरान्नाद’, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारे. त्यापुढचे ‘अन्नाद’. घन अन्नाची सुरुवात सहाव्या महिन्यात. मराठी घरांतले उष्टावण ते हेच. मधला टप्पा नीट पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या वर्षातले मूल दूध सोडत नाही आणि केवळ दुधावर राहतही नाही. आजच्या वादात नेमका हाच मधला टप्पा हरवलेला असतो.

४/ इसवी सन १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली आणि पारनेरचा मुलूख अहमदनगरच्या सत्तेखाली आला. इथल्या मुसलमान घरांमध्ये ज्या धर्मग्रंथाचा आधार होता, त्या कुराणाच्या दुसऱ्या सूरेत स्तन्यपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी आहेत. त्या काळात मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर टाकला आहे. आणि आईबापांनी आपसांत विचार करून दूध लवकर तोडले तर त्यात दोष मानलेला नाही. म्हणजे मुदत आहे, तिच्यासोबत खर्चाची सोय आहे आणि सवलतही आहे.

५/ जागतिक आरोग्य संघटना आज सांगते ते असे : पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर घन आहाराच्या जोडीने दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ दूध चालू ठेवावे. सुश्रुतसंहिता, कुराण आणि आधुनिक वैद्यक यांचे मार्ग वेगळे, कारणमीमांसा वेगळी. तरीही आकडा एकच येतो. या योगायोगाला ‘आमच्याकडे सगळे आधीच ठाऊक होते’ अशा फुशारकीचे रूप देण्याचे कारण नाही. निरनिराळ्या समाजांनी मुले जगताना आणि मरताना पाहिली, आणि त्या निरीक्षणातून ते जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचले, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो पुरेसा मोठा आहे.

६/ भाषेतही या व्यवहाराच्या खुणा आहेत. ‘पान्हा’ हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’पासून आला. ‘धाय’ आली ‘धात्री’पासून. मराठीत मूल ‘अंगावर पिते’. दूध बाटलीतले असो वा वाटीतले, त्याला ‘वरचे दूध’ म्हणतात. म्हणजे भाषेने आईच्या दुधाला मूळ मानले आणि बाकीच्याला वरचे. पाजणे थांबवण्याला ‘दूध तोडणे’ म्हणतात. त्यासाठी कडुनिंबाचा पाला वाटून लावण्याची रीत गावोगाव ठाऊक आहे. ज्या मुलाला कडू चव कळते, जे तोंड फिरवून रागावते आणि पुन्हा पदर ओढते, ते मूल तान्हे नसते. ते चालते-बोलते असते. ती रीतच त्या वयाचा पुरावा आहे.

७/ परंपरा मात्र सगळीच शहाणी नव्हती. सुश्रुतसंहिता म्हणते की दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते, म्हणून आधी मध-तूप द्यावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल अनेक घरांत होती. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाने आईचा चीक अशुद्ध मानावा, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. आज वैद्यक त्या चिकाला बाळाचे पहिले संरक्षण मानते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे देशात सुमारे ४२ टक्केच आहेत.

८/ आता दगडाकडे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे डोंगरात कोरलेले शैव लेणे आहे; काळ साधारण इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचा. तिथे सप्तमातृकांचा पट आहे. त्याच परंपरेतला वेरूळच्या चौदाव्या लेण्यातला पट पाहिला तर मातृकांसोबत लहान मुले दिसतात. दख्खनच्या शिल्पींनी देवींची शस्त्रे आणि वाहने कोरली, तशी कडेवरची, मांडीवरची लेकरेही कोरली. आईपण हा देवत्वाचा भाग मानला गेला, हे खरे. पण या मातांची कथा इतकी सरळ नाही.

९/ महाभारताच्या वनपर्वात येते की स्कंदाला मारण्यासाठी पाठवलेल्या मातांना त्याला पाहताच पान्हा फुटला. त्याच आख्यानात या मातांना मुलांना पीडा देण्याची मुभाही मिळते, मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत. पाजणारी आणि नेणारी शक्ती एकच. मराठी घरांत बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते, तिच्यामागेही हेच भय आहे. ज्या समाजात जन्मलेली कितीतरी मुले डोळ्यांदेखत जात, त्या समाजाने आईच्या देवतेला दोन चेहरे दिले. लेण्यातल्या मातृका पाहताना हे भय विसरले की शिल्प केवळ सुंदर उरते.

१०/ हे भय किती जुने आहे ते पारनेरच्या शेजारीच दिसते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षे तिथे उत्खनन केले. इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात वसलेली ही ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. तिथे लहान मुलांचे दफन दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच केलेले आढळले. मूल गेले तरी घराबाहेर गेले नाही. अशी मडकी एक-दोन नाहीत. दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्या मुलांच्या मृत्यूंमधूनच वाचावा लागतो.

११/ मुले नेमकी केव्हा जात? जन्मानंतरचे दिवस धोक्याचे असतातच. पण दुसरा धोक्याचा काळ दूध सुटण्याचा. मूल रांगते, माती तोंडात घालते, साठवलेले पाणी पिते, घरचे अन्न पुरेसे मऊ वा पौष्टिक नसते आणि हगवण लागते. अशा वेळी अंगावरचे दूध म्हणजे स्वच्छ पाणी, अन्न आणि रोगप्रतिकारक घटक एकाच ठिकाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सहा ते बारा महिन्यांत मुलाच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक ऊर्जेची गरज आईचे दूध भागवू शकते. दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. विहीर आटणाऱ्या गावात हा एक तृतीयांश म्हणजे जगणे आणि न जगणे यांतले अंतर होते.

१२/ इतिहासप्रेमी मराठी तरुणाला या विषयातले एक नाव नक्की ठाऊक असते : धाराऊ. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती. कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊंनी बाळाला दूध पाजले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई निवर्तल्या, तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. म्हणजे सुश्रुतसंहितेतले ‘क्षीरप’ आणि ‘क्षीरान्नाद’ हे दोन्ही टप्पे आईच्या आजारपणात पार पडले. स्वराज्याचा दुसरा छत्रपती एका शेतकरी घरातल्या स्त्रीच्या दुधावर वाढला.

१३/ दूध नाते निर्माण करते, हे त्या काळच्या राजकारणालाही मान्य होते. धाराऊंचे पुत्र अंतोजी आणि रायाजी हे परंपरेने संभाजी महाराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. मोगल दरबारात अकबराची दाई जीजी अंगा हिचा मुलगा मिर्झा अझीज ‘कोका’ म्हणजे दूधभाऊ म्हणवला गेला आणि मोठ्या पदाला पोहोचला. इस्लामी कायद्यात दूधनात्याने विवाहसुद्धा निषिद्ध होतो. ज्या द्रवाला आज कित्येक जण खासगी आणि काहीसा संकोचाचा विषय मानतात, त्याने एके काळी वारसा, निष्ठा आणि नातेबंध ठरवले.

१४/ पण धाराऊंकडे पाहताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पान्हा असलेल्या स्त्रीचे स्वतःचे मूलही बहुधा तान्हेच असते. त्याच्या वाट्याचे दूध कोणी मोजले? राजघराण्याने मान दिला, नाव राखले, ही मोठीच गोष्ट. तरी जगभरातल्या दाईंच्या इतिहासात ही बाजू सतत झाकलेली राहिली आहे. एका मुलाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या वाटणीला हात लागतो. धाराऊंचे स्मरण करताना कृतज्ञतेसोबत हा हिशेबही ठेवला, तर त्यांचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

१५/ दुसरे नाव हिरकणीचे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सायंकाळी बंद झालेला दरवाजा, खाली घरी भुकेले तान्हे, आणि अंधारात उतरलेला तो कडा. ही लोकपरंपरेतली कथा आहे आणि ती धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. मात्र तिच्यातला आर्थिक व्यवहार पाहा. एक आई दुसऱ्यांच्या घरी दूध पोहोचवण्यासाठी स्वतःच्या दूधपित्या बाळाला सोडून येते आणि कामाच्या जागेचे दार तिच्यासाठी उघडत नाही. बुरूज नंतर बांधला गेला. दार त्या रात्री बंदच राहिले. राज्यातल्या एसटी स्थानकांवरच्या स्तनदा मातांच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. नाव समर्पक आहे. परंतु गौरव कडा उतरणारीचा करावा आणि दरवाजाची वेळ तशीच ठेवावी, ही सवय आजही मोडलेली नाही.

१६/ पुन्हा पारनेरकडे येऊ. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बाजरी, ज्वारी, हुलगा-मटकी ही इथली पिके आणि अवर्षण हा जुना सोबती. १८७५ साली सावकारांच्या विरोधात दख्खनचे दंगे झाले, तेव्हा पारनेर तालुक्यातील गावेही त्यात होती. शेतकऱ्यांनी कर्जखते हिसकावून जाळली. कर्जखत हा कागद दिसतो पुरुषाच्या नावाचा, पण खळ्यावरचे धान्य व्याजात गेले की त्याची झळ आधी बाळंतिणीच्या ताटाला लागते. डिंक, अळीव, तूप, खोबरे हा बाळंतिणीचा खुराक हौशीचा नव्हता. दूध टिकवण्याची ती घरगुती तजवीज होती. आणि ती उधारीवर चालत नाही.

१७/ दंग्यांच्या पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. अहमदनगर जिल्हा होरपळलेल्या भागांत होता. सरकारी कामांवर खडी फोडायला बायका आल्या, लेकरे झोळीत घेऊन. १८७७ मध्ये दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली, तेव्हा पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. मजुरीचा हिशेब धान्याच्या वजनात होत होता. आजचे भारतीय आहारशास्त्र सांगते की पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, त्यानंतरच्या सहा महिन्यांत सुमारे ५२०. ज्या मजुरीत एका जिवाचेही भागत नाही, तिच्यात दोन जीव जगवणे हे शरीर झिजवून केलेले काम होते.

१८/ बाळंतपण आणि मजुरी यांचा संबंध कायद्यात आणण्याचे श्रेय मुंबई इलाख्याला जाते. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यासंबंधी विधेयक मांडले; ते संमत झाले नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. मात्र तो गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी होता. पारनेरच्या शेतात खुरपणारी, दुसऱ्याच्या वावरात सुगी करणारी बाई त्याच्या चौकटीत नव्हती. ही रेषा तेव्हा आखली गेली ती आजही पुरती पुसलेली नाही.

१९/ १९७२ चा दुष्काळ जिल्ह्याच्या आठवणीत अजून जिवंत आहे. मिलोची लाल भाकरी, सुकडी, पाझर तलाव आणि नालाबांध. रोजगार हमी योजनेने त्याच काळात आकार घेतला आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या. खडीच्या ढिगाशेजारी झाडाला बांधलेली झोळी, ती हलवणारी पाच-सहा वर्षांची बहीण आणि मुकादमाची नजर चुकवून पदराआड घेतलेले लेकरू, हे त्या दुष्काळाचे चित्र आहे. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात तरतूद आली : कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी. झोळी हलवणाऱ्या त्या बहिणीची जागा कायद्याने घ्यायला तीन दशके लागली.

२०/ राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे काम उभे राहिले. त्याची चर्चा बहुधा पिकांच्या आणि विहिरींच्या भाषेत होते. पण पाणी जवळ आले की आणखी काय बदलते, याचा विचार करावा. डोक्यावर हंडा घेऊन दूर जाणाऱ्या आईचे तास वाचतात. चारा मिळतो, भाजी पिकते, रांगत्या मुलाच्या पाण्याची चिंता कमी होते. दुष्काळी मुलखातल्या आईच्या दुधाचा इतिहास पाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढताच येत नाही. बंधाऱ्यांच्या यशाचे मोजमाप करताना हा स्तंभ कोष्टकात घ्यायला हवा होता.

२१/ विसाव्या शतकाने आणखी एक पाहुणा आणला : दुधाच्या भुकटीचा डबा. गुटगुटीत बाळाचे चित्र, शहरी प्रतिष्ठा आणि ‘अंगावरचे पुरत नसेल’ अशी हळूच पेरलेली शंका. जाहिरातींच्या या रेट्याविरुद्ध १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आचारसंहिता मान्य केली. भारताने १९९२ मध्ये शिशुदुग्ध-पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांच्या नियमनाचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा पदार्थांची जाहिरात त्याने रोखली. ज्या वर्षी ‘दुसऱ्या वर्षी पाजणे अडाणीपणाचे’ असे वाटू लागले, त्या वर्षाचा शोध घेतला तर तो ग्रंथांत सापडणार नाही. जाहिरातींच्या पानांवर सापडेल.

२२/ लाभ कोणते? मुलाला संसर्गापासून आधार, आजारपणात अन्न नको झाले तरी घेता येणारे पोषण, आणि ज्याला शब्द नाहीत असे आश्वासन. आईलाही लाभ आहेत. २००२ मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात आढळले की स्तन्यपानाच्या दर बारा महिन्यांमागे स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. दीर्घ काळ पाजण्याने पुढचे गर्भारपण काहीसे लांबते, हे आज्यांनाही ठाऊक होते. मात्र त्यावर विसंबता येते ते मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत, तेही पाळी परत आली नसेल आणि बाळ पूर्णपणे अंगावर असेल तरच.

२३/ आणि किंमत? मोडलेली झोप, दात आल्यावरचे चावे, कामावर भरून येणारी छाती, रक्तक्षय, सासर-माहेरचे टोमणे, बसमधल्या नजरा. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की ‘अंगावर पितोय ना’ म्हणून अन्नाकडे दुर्लक्ष होते. सहा महिन्यांनंतर केवळ दूध अपुरे पडते, विशेषतः लोहाच्या बाबतीत. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले केवळ ११.३ टक्के आहेत. ‘क्षीरान्नाद’ या शब्दातला ‘अन्न’ गाळून उरलेल्या भागाचा गौरव करणे म्हणजे मुलाला अर्धपोटी ठेवणे होय.

२४/ यावर एक आक्षेप योग्यच आहे. दोन वर्षांचा हा आग्रह बायकांच्या मानेवर नवे जोखड तर ठेवत नाही ना? ज्या आईला दूध येत नाही, जिची प्रकृती साथ देत नाही किंवा जी नको म्हणते, तिचे काय? इतिहासाचे उत्तर इथे बरेच उदार आहे. ‘अष्टांगहृदया’त आईचे दूध नसेल तर शेळीचे किंवा गाईचे दूध सांगितले आहे. धात्रीची सोय ग्रंथांत आहे. कुराणात आपसांतल्या संमतीची मोकळीक आहे. जुन्या व्यवस्थेतही दोष देण्याऐवजी पर्याय शोधला जाई. म्हणून आग्रह धरायचाच असेल तर तो आईकडे नव्हे, तिच्या भोवतालाकडे धरावा.

२५/ भोवताल बदलता येतो याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. गरोदरपण, बाळंतपण, बालपोषण यांचे ज्ञान गावातल्या ओट्यावर आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाजणाऱ्या आईला डॉक्टरांच्या हुकमापेक्षा शेजारणीचा अनुभवी शब्द अधिक बळ देतो, हे जामखेडने ओळखले. ही जुनीच रीत होती. तिच्यातला चीक टाकण्यासारखा भाग गाळून उरलेली पुन्हा उभी केली.

२६/ कायदा कुठवर आला? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांती देण्याची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. पारनेर तालुक्यात सुपे येथे औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या नोंदणीकृत कामगार स्त्रीला हे हक्क सांगता येतात. त्याच रस्त्याने कांद्याच्या वावरात जाणाऱ्या रोजंदारीच्या बाईला ते सांगता येत नाहीत. १९२९ ची रेषा ती हीच. दुधाचे माप दोघींना एकच. सवलतीचे माप वेगळे.

२७/ म्हणून ‘अजून पाजतेस?’ या प्रश्नाची जागा दुसऱ्या प्रश्नांनी घ्यावी. ती जेवली का? रात्री मुलाला कोण घेते? कामावर सावली आणि आडोसा आहे का? मुलाच्या वाटीत दुधाखेरीज काय आहे? हिरकणीला शौर्यपदक देण्यापेक्षा दरवाजा अर्धा तास उशिरा लावणे सोपे होते. समाजाने हे सोपे काम टाळले आणि कठीण काम आईकडून करून घेतले, हा या सगळ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

२८/ शेवटी इतिहासप्रेमींसाठी एक काम. १९७२ साली खडी फोडताना लेकरू झोळीत घेऊन आलेली विशीतली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. पारनेरच्या प्रत्येक गावात अशा आज्या आहेत. त्यांच्या आठवणी कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांना विचारावे : मूल किती वर्षांचे होईपर्यंत पाजले, दूध कसे तोडले, कामावर त्याला कोणी धरले, तेव्हा स्वतः काय खाल्ले, आणि कोणते मूल राहिले नाही. शेवटचा प्रश्न जपून विचारावा. उत्तर आले नाही तर गप्प राहावे. उत्तरे तारीख-गावासह लिहून ठेवावीत. किल्ल्यांचे दगड आणखी शंभर वर्षे थांबतील. या आठवणी थांबणार नाहीत.